हल्लीचा रकाना

सिस्टरनी सुताराच्या दंडावर पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबून पारा वर चढवला आणि तो खाली उतरताना कान देऊन ऐकलं. ऐकलं त्यावर विश्वास बसेना, म्हणून पुन्हा एकदा सगळं पहिल्यापासून केलं. वरचा आकडा दोन्ही वेळा एकशे नव्वद.

"काय म्हणतंय यंत्र?" सुतारानं विचारलं. पंचाहत्तरीचा माणूस, हातावर अजून भुशाचा वास.

"यंत्र म्हणतंय, हा कागद खोटं बोलतोय." सिस्टरनी मांडीवरचा छापील फॉर्म त्याच्यापुढे धरला. "गेल्या महिन्यात पाहणीवाले येऊन गेले ना तुमच्याकडे? 'घरात काही त्रास आहे का?' तुम्ही सांगितलंत, नाही."

"मग नाहीच त्रास." सुतार जरा दुखावलाच. "दोन्ही सुना गुण्यागोविंदानं राहतात. शेजारी कधी उलट शब्द बोलत नाही. उगाच कुणाचं नाव कशाला सांगू?"

सिस्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना इतकं हसू आलं, की गळ्यातली नळी काढून बाजूला ठेवावी लागली. आत कणीक मळत असलेली धाकटी सून, सासऱ्यानं आपलं नाव कशात गोवलं ते पाहायला दारापर्यंत आली.

हसू ओसरलं तेव्हा मात्र सिस्टरना धडकी भरली. खोऱ्यातली चारशे बारा घरं. त्यांतल्या फक्त एकोणीस घरांनी 'त्रास आहे' असं सांगितलं होतं. त्या आकड्यावर बोट ठेवूनच जिल्ह्याच्या आरोग्याधिकारी मॅडमनी पत्र धाडलं होतं, की खोऱ्यातली प्रकृती समाधानकारक असल्यानं फिरता दवाखाना पुढच्या महिन्यापासून डोंगरापलीकडच्या कारखान्यांच्या बाजूला हलवण्यात येईल. हरकत असल्यास पुराव्यासह एकवीस दिवसांत कळवावं. फिरता दवाखाना म्हणजे एक जुनी पांढरी गाडी, औषधांची दोन कपाटं, एक वजनकाटा, स्वतः सिस्टर आणि गाडी चालवणारे मामा. एवढं उचललं, की मग खोऱ्यात सर्वांत जवळचा डॉक्टर बेचाळीस किलोमीटरवर.

ते एकोणीस फॉर्म सिस्टरच्या पिशवीतच होते. त्यांनी ते तिथेच, सुताराच्या ओट्यावर, पुन्हा चाळले. अकरा घरांत त्रास सासूचा किंवा सुनेचा. पाच घरांत बांधाचा. दोन घरांत मेहुण्याचा. आणि एका बाईनं शेजारणीच्या शेळीचं नाव दिलं होतं, ती कोवळी भाजी खाते म्हणून. आजार एकाही कागदावर नव्हता.

"बरं, ते राहू द्या," सिस्टर म्हणाल्या. "सध्या काम काय चाललंय?"

"आता काही नाही. रंधा मारणं सोडलं मी."

"कधी?"

"झालं वर्ष."

"का हो? तुमच्या हातचे दरवाजे अख्ख्या खोऱ्यात आहेत."

सुतारानं आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. "हल्ली लाकूडच चांगलं येत नाही," तो म्हणाला. "रंधा मारायला घेतला की धाप लागते. पूर्वीचं लाकूड असं नव्हतं."

सिस्टरनी त्याला गोळ्या दिल्या, त्या कधी घ्यायच्या ते सुनेला दोनदा म्हणून दाखवायला लावलं आणि बाहेर आल्या. गाडीत मामा सीट मागे कलंडवून तोंडावर वर्तमानपत्र घेऊन पडले होते. अकरा वर्षं दोघं याच गाडीत शेजारी बसत होते. पूर्वी दुपारी सिस्टर डबा खात तेव्हा मामा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेपर मोठ्यानं वाचून दाखवत, मधूनमधून आपली टीकाही जोडत. बातमीपेक्षा टीकाच जास्त ऐकण्यासारखी असे.

"आज काय म्हणतोय पेपर?"

"काय म्हणणार? हल्ली छापतातच इतकं फिकं." मामांनी पेपर चार घड्या करून खिडकीत सारला. "शाईसुद्धा वाचवायला लागलेत लेकाचे."

"खरंय," सिस्टर म्हणाल्या. त्यांचं डोकं लाकडात अडकलं होतं.

ओढ्यावरच्या लहानशा पुलाशी गाडी आली तशी मामांनी हॉर्नवर एक टिचकी मारली. "सिस्टर, तुमचं स्मारक आलं. बघा, अजून कोपरा तसाच."

सिस्टरनी नेहमीसारखं नाक मुरडलं. नऊ वर्षांपूर्वी त्या याच गाडीवर, याच मामांच्या हाताखाली गाडी चालवायला शिकल्या होत्या. परवाना मिळाला आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी पुलाच्या कठड्याचा कोपरा उडवला. कुणाला काही झालं नाही. गाडीला पोचा आला आणि एक बदक बिचारं दिवसभर ओरडत राहिलं, इतकंच. पण सिस्टर त्या दिवशी उतरून डावीकडच्या सीटवर जाऊन बसल्या, त्या पुन्हा चाकामागे बसल्या नाहीत. परवान्याचं नूतनीकरण मात्र त्या चोख करत. पर्समध्ये तो ओळखपत्र म्हणून उपयोगी पडतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

पूल मागे पडला आणि सिस्टरनी एकदम पिशवीतून वही काढली.

"मामा, संध्याकाळपर्यंत सहा घरं उरकू. आणि 'त्रास' हा शब्द आजपासून बंद."

"मग विचारणार काय?"

"वर्षभरात काय सोडलंत, ते."

चारशे बारा घरं, एकवीस दिवस. रोज एकवीस-बावीस घरं तरी व्हायलाच हवी होती. मामा गाडी सांगाल तिथे नेत, कुठल्या अंगणात कुत्रं मोकळं असतं ते आधीच सांगत आणि वळणावर न थांबता गाडी मागे घेत. सिस्टर वहीत दोन रकाने आखून बसत. एका रकान्यात सोडलेली गोष्ट, दुसऱ्यात त्याचं कारण. त्रास म्हटल्यावर ज्यांच्या तोंडाला कुलूप लागायचं, तीच माणसं सोडलेल्या गोष्टी विचारल्यावर घडाघडा बोलायला लागली. सोडणं म्हणजे काही तक्रार नव्हे. सोडणं हा आपला निर्णय असतो, तो सांगायला कुणाला कमीपणा वाटत नाही.

शिवण करणाऱ्या बाईनं बारीक काम सोडलं होतं. "हल्ली सुईचं भोकच बारीक करतात."

दूध घालणारा वरच्या वस्तीवर जायचा बंद झाला होता. "हल्ली ती पायवाट फार उभी झालीय."

उभी झालीय म्हणे! सिस्टरनी मान खाली घालून लिहून घेतलं. डोंगर या वयात उभा राहायला लागला होता. मग दूधवाल्याचे पाय बघितले. घोट्याशी बोटानं दाबलं तर खळगा तसाच राहत होता.

शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांनी मित्रांत बसणं सोडलं होतं. "हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात." एका आजीनं आंघोळीला पाट सोडून खुर्ची घेतली होती, कारण हल्ली जमीनच फार खाली गेली होती. एका तरुण आईनं नदीवर धुणं नेणं सोडलं, हल्ली बादल्याच जड करतात म्हणून. तिच्या पापण्यांच्या आतली कड पांढरीफटक होती. तिला रक्तवाढीच्या गोळ्या देताना सिस्टरनी बादल्या करणाऱ्या कारखान्याला चार शब्द सुनावले, तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

तिसऱ्या दिवशी सिस्टरच्या लक्षात आलं, की दुसऱ्या रकान्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ एकाच शब्दानं सुरू होतेय. मला जमत नाही, असं अख्ख्या खोऱ्यात कुणी म्हणत नव्हतं. लाकूड बिघडलं होतं, सुई बिघडली होती, डोंगर आणि जमीन बिघडली होती. माणसं तेवढी ठणठणीत होती. सिस्टरनी रकान्याच्या डोक्यावरचं 'कारण' खोडलं आणि तिथे 'हल्ली' लिहिलं. मग काम आणखी सोपं झालं. कुणी 'हल्ली' म्हणालं की त्या पेन खाली ठेवत आणि पट्टा, काटा, नाहीतर डोळे तपासायचा तक्ता बाहेर काढत.

मामाही कामात रंगून गेले होते. "अजून किती 'हल्ली' जमले?" असं ते रोज संध्याकाळी विचारत. फक्त दिवस कलायच्या आत परत निघायची घाई करत. समोरच्या गाड्यांचे दिवे हल्ली फार प्रखर असतात, असं त्यांचं मत होतं. दमलेल्या सिस्टरनाही घरी जायची घाईच असे. त्या मान डोलवत आणि उद्याच्या घरांची यादी करायला घेत.

एकविसाव्या दिवशी सकाळी ते जिल्ह्याच्या गावाला निघाले. वाटभर सिस्टरचं तोंड कागदांत होतं. दोन बेरजा जुळत नव्हत्या.

मॅडम वयानं सिस्टरपेक्षा पंधरा वर्षांनी लहान होत्या आणि टेबलावर एकही कागद वाकडा ठेवत नव्हत्या. त्यांनी आकडे बघितले. एकशे सत्याऐंशी घरांत कुणी ना कुणी काहीतरी सोडलेलं. तपासल्यावर चौऱ्याहत्तर जणांचा रक्तदाब वाढलेला, एकोणचाळीस जणांच्या डोळ्यांत मोतीबिंदूची शंका, बावीस बायकांच्या अंगात रक्त कमी.

"आणि आमच्या पाहणीत एकोणीस," मॅडम म्हणाल्या.

"त्यांतली एक शेळी आहे," सिस्टर म्हणाल्या.

मॅडमनी वर पाहिलं. सिस्टरनी शेळीची हकीकत सांगितली, मग सुनांची, मग बांधाची. मॅडमचा चेहरा काही हलला नाही, पण त्यांनी जुना अहवाल उचलून फाइलच्या तळाशी ठेवला. मग वही पुढे ओढून त्या एकेक ओळ वाचू लागल्या. मास्तरांच्या ओळीशी थांबल्या.

"माझी आई म्हणते, हल्ली टीव्हीवर फार हळू बोलतात," त्या हळूच म्हणाल्या. "मी तिला नवा टीव्ही घेऊन दिला."

मग मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

"गाडी खोऱ्यातच राहील. डोळ्यांच्या शस्त्रक्रियांची तारीख मी लावून देते. पण औषधं सुरू केलीत तर ती तुटता कामा नयेत. तीन महिने, आठवड्याला दोन फेऱ्या. एकही चुकायची नाही. चुकली, तर मला वर उत्तर देता येणार नाही."

"चुकणार नाही," सिस्टर म्हणाल्या. त्यांना बाहेर येऊन पायऱ्यांवरच नाचावंसं वाटत होतं. त्या नाचल्या नाहीत, पण शेवटच्या दोन पायऱ्या एकदम उतरल्या.

परतीच्या वाटेवर दोघांनाही उधाण आलं होतं. मामांनी मॅडमची नक्कल केली, सिस्टरनी शेळीची केली. ऊन अजून चांगलं होतं, रस्ता मोकळा होता. ओढा जवळ आला तशी मामांनी हॉर्नवर टिचकी मारली.

"सिस्टर, तुमचं स्मारक आलं. बघा, अजून कोपरा तसाच."

सिस्टर नाक मुरडायला वळल्या.

कठडा धड होता. कोपरा सिमेंटनं नीट बांधून काढलेला, सिमेंट वाळलेलं, वर चुन्याचा हात फिरवलेला. उन्हात तो लख्ख पांढरा दिसत होता.

पूल ओलांडून झाला. सिस्टरच्या तोंडचं हसू तसंच राहिलं होतं. ते आवरायचं त्यांना सुचलं नाही.

"मामा, गाडी बाजूला घ्या."

मामांनी घेतली. खडीच्या कडेपासून वीतभर आत, अगदी बरोबर, नेहमीसारखी.

"कोपरा कसा दिसला तुम्हाला?"

"कसा म्हणजे? तुटका."

"उतरून बघून या."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते उतरले आणि पुलाकडे चालू लागले. सिस्टर मागोमाग गेल्या. मामांनी कठड्यावर हात ठेवला आणि तो सरकवत पुढे नेला. जिथे कठडा संपायला हवा होता तिथे तो संपला नाही. हात आणखी पुढे गेला, कोपऱ्यावरून वळला, आणि तिथेच थांबला. बोटांना चुना लागला होता.

"हल्ली चुनाच असा मारतात, की..." मामा म्हणाले.

त्यांनी तो शब्द स्वतःच ऐकला. वाक्य पुरं न करता ते कठड्यावर बसले.

सिस्टर शेजारी बसल्या. खाली ओढ्याला जेमतेम पाणी होतं. फिकी शाई, समोरच्यांचे दिवे, दिवस कलायच्या आतली घाई, सगळं त्यांना एकदम ऐकू आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. चारशे बारा घरांत जे ऐकायला त्या कान टवकारून गेल्या, ते रोज शेजारच्या सीटवर बोललं जात होतं.

"कधीपासून?"

"पावसाळ्याआधीपासून असेल. धुकं असल्यासारखं वाटतं. सकाळी जरा बरं असतं." मामांनी चुन्याची बोटं पँटला पुसली. "लिहू नका, सिस्टर."

सिस्टरनी नकारार्थी मान हलवली.

"मॅडम काय म्हणाल्या? एकही फेरी चुकायची नाही. माझ्या जागी दुसरा माणूस मिळायला दोन महिने जातील. तोवर त्या सुताराच्या गोळ्या कोण नेणार? रस्ता पाठ आहे मला. डोळे मिटून नेईन."

"रस्ता पाठ आहे तुम्हाला. रस्त्यात येणारी शेळी पाठ नाही. आणि उद्या शेळीच येईल कशावरून? शाळा सुटलेली असली तर?"

मामांनी मान खाली घातली. सिस्टर उठून गाडीतून वही घेऊन आल्या. शेवटच्या ओळीखाली त्यांनी आकडा घातला, चारशे तेरा. पहिल्या रकान्यात लिहिलं, पेपर वाचणं. दुसरा रकाना भरताना त्यांचा हात जरा थांबला, पण त्यांनी तोही भरला. मामांनी ते न वाचताच ओळखलं.

"आता मॅडम डोळ्यांची जी तारीख लावतील, तिच्यात चाळिसावं नाव तुमचं," सिस्टर म्हणाल्या. "महिन्याभरात पुन्हा पेपर वाचाल. टीकेसकट. मी वाट बघतेय."

"आणि महिनाभर गाडी?"

सिस्टरनी वही मिटली.

"पर्समध्ये परवाना आहे तुमच्या. चालू आहे."

"तो ओळखपत्र म्हणून ठेवते मी," सिस्टर घाईनं म्हणाल्या. "आणि मी एकदा सोडलंय ते सोडलंय. हल्ली या रस्त्यावर रहदारी केवढी..."

रस्ता दोन्ही बाजूंनी दूरवर दिसत होता. त्यावर कुणीही नव्हतं. खूप लांब एक सायकल होती, ती पण कुणीतरी हातात धरून नेत होतं.

मामांनी नुसतं वहीकडे बोट दाखवलं.

सिस्टरनी वही पुन्हा उघडली. चारशे चौदा. लिहून झाल्यावर त्यांनी मामांपुढे तळहात धरला. मामांनी खिशातून किल्ली काढून त्यावर ठेवली.

चाकामागची सीट पुढे ओढायला दोघांनाही जोर लावावा लागला. मामा डावीकडे बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे. गाडी दोन हिसके देऊन सुरू झाली. सिस्टरचे हात चाकावर इतके घट्ट होते, की बोटांची पेरं पांढरी दिसत होती.

"कठडा मागे राहिला ना? मग झालं," मामा म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले. "आता सरळ. मोजून वीस म्हणा, मग उजवीकडे वळण. वळणाआधी दुसरा गिअर. घाई नाही. वळण संपलं की उतार, तिथे ब्रेकवर पाय हलका."

वळण आलं, जिथे ते म्हणाले तिथेच आलं. सिस्टरनी दुसरा गिअर टाकला. उतार आला. त्यांचा पाय हलका राहिला. त्यांना वाटलं, आपण हे विसरलोच नव्हतो की काय. मॅडमना उद्या सकाळी पहिला फोन करायचा होता, मामांच्या नावासाठी आणि स्वतः गाडी चालवायच्या परवानगीसाठी. ती मिळेल याबद्दल त्यांना शंका वाटत नव्हती.

"समोर शेळ्या आहेत," त्या एकदम म्हणाल्या.

"किती?"

"सात. रस्त्याच्या मधोमध."

"मग थांबा. जाऊ द्या त्यांना."

गाडी थांबली. शेळ्या सावकाश, एकमेकींना ढुशा देत पलीकडे गेल्या. शेवटची मधेच उभी राहून गाडीकडे बघत बसली.

"गेल्या?" मामांनी विचारलं.

"एक राहिलीय."

मामा डोळे मिटून थांबले. सिस्टरही थांबल्या.

"गेली," त्या म्हणाल्या.

"मग चला."